सोफा रस्त्यावर

पहिलं भांडण खुर्च्यांवरून झालं, आणि तेही मीटिंग सुरू व्हायच्या आधी.

खरं तर मिस्त्रींच्या दुकानात खुर्च्यांना काय तोटा! सोफे, खुर्च्या, दिवाण दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. पण त्यातली एकही खुर्ची घरची नव्हती, सगळी गिऱ्हाइकांची. त्यामुळे गल्लीतलं कोणी आत येऊन टेकायला लागलं, की मिस्त्री तोंडात धरलेले चुका-खिळे हातावर काढून ओरडायचे, "तिच्यावर नको! ती वकिलांची आहे!" किंवा, "उठा, उठा! तिचा पाय नुसता टेकवलाय, अजून चिकटवलेला नाही!"

"मग आम्ही काय लटकायचं?" लॉन्ड्रीवाल्यानं विचारलं.

"उभं राहा की. उभ्या माणसाचं डोकं चांगलं चालतं."

"अहो," मिस्त्रींची बायको, सगळ्या गल्लीची वहिनी, चहाचं पातेलं उतरवत आतून म्हणाली, "घोडा जन्मभर उभाच असतो."

सगळे हसले आणि बसले. कोणी काथ्याच्या पोत्यावर, कोणी फोमच्या थप्पीवर. वहिनीला बरं वाटलं. आज तिला हसणारी माणसं हवी होती. जी माणसं हसत असतात, ती माळ्याकडे बघत नाहीत.

माळ्यावर दादू झोपला होता. तिचा एकुलता लेक, पंचविशीचा, हाताला गुण असलेला वायरमन. त्याला ताप आहे, असं ती सगळ्यांना सांगत होती. हा ताप गेल्या पावसाळ्यापासून होता.

मीटिंग कशासाठी आहे, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. दुकानाच्या दारात उभं राहिलं की समोरच दिसायचं. समोरचं सायकलचं दुकान बंद पडलं, त्या गाळ्यात साखऱ्या आला. अर्धं शटर वर, अर्धं खाली. दिवसभर पोरं वाकून आत जायची, वाकून बाहेर यायची, आणि हळूहळू ती वाकलेलीच राहायला लागली. आत गर्दच्या पुड्या मिळायच्या. नळाच्या मागच्या बोळात जळका चांदीचा कागद सापडला नाही असा दिवस जात नव्हता.

"सभेला सुरुवात करतो," भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणजे मिस्त्रींचे धाकटे भाऊ. चालवायचे बस, पण दोन माणसं एकत्र दिसली की अध्यक्ष व्हायची त्यांना उबळ यायची. "विषय पहिला. आपण पोलिसांना जे निवेदन दिलं, त्याची पोच मिळाली आहे."

"पोच मिळून काय झालं?"

"पोच मिळाली," भाऊजी जरा जोरात म्हणाले.

"साखऱ्याला पण मिळाली वाटतं," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "दुसऱ्या दिवशी मला विचारत होता, सहीत एवढी वेलबुट्टी कशाला काढता म्हणून."

तेवढ्यात दारात सावली पडली. आक्का आली होती.

आक्का मिस्त्रींची थोरली बहीण. प्रसूतिगृहात आया होती. आसपासच्या चार गल्ल्यांतली निम्मी माणसं जगात आल्यावर आधी आक्काच्या हातात पडली होती, आणि हे ती कोणाला विसरू देत नसे. आईच्या माघारी शिलाई मशीन कोणी न्यायचं, यावरून तिचं आणि वहिनीचं जे बिनसलं, ते बिनसलंच. तेव्हापासून आक्का भावाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हती. काही सांगायचं असेल तर रस्त्यातून ओरडून सांगायची, आणि तिचा आवाज असा, की कोणाचंच काही अडलं नाही.

आज ती सरळ आत आली. मशीनकडे पाठ करून, वकिलांच्या खुर्चीवर बसली. मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"चहा घेणार ना, आक्का?" वहिनीनं विचारलं.

"मी गल्लीच्या कामासाठी आलेय," आक्का भिंतीला म्हणाली. "गल्लीनं दिला तर घेईन."

"गल्लीतर्फे द्या, वहिनी," भाऊजी घाईनं म्हणाले. "विषय दुसरा. काय करायचं?"

लॉन्ड्रीवाल्याचं मत पडलं, की चार जणांनी जाऊन त्याला धरून बडवावं. ते चार कोण, असं विचारल्यावर तो म्हणाला की आपली कंबर धरली आहे, पण नावं सुचवू शकतो. भाऊजींना मोर्चा हवा होता. मिस्त्रींचं म्हणणं, आपण आपली दारं लावून घ्यावीत. "आपल्या घरात असलं काही नाही ना? मग झालं."

वहिनीनं उचललेली कपबशी पटकन खाली ठेवली.

आणि मग ज्याच्याबद्दल चाललं होतं, तोच आत आला.

साखऱ्या पन्नाशीला टेकलेला, गोरा, नीटनेटका. शर्टाला अशी कडक इस्त्री, की लॉन्ड्रीवाला ओशाळून फोमच्या थप्पीमागे सरकला. शर्ट त्याच्याकडूनच यायचे. साखऱ्याच्या काखेत एक फाटकं स्टूल होतं.

"मिस्त्री, एवढं कापड बदलून द्याल का? सवडीनं हं, घाई नाही. अरे वा! मीटिंग वाटतं? मला कोणी सांगितलंच नाही."

त्यानं स्टूल खाली ठेवलं आणि त्याच्यावरच बसला. स्वतःचं आसन घेऊन आलेला तो एकटाच.

सगळे भाऊजींकडे बघायला लागले. भाऊजींनी घसा खाकरला. "तसं पाहिलं तर... हे इथले रहिवासी आहेत. रहिवाशांची सभा आहे. नियमानं बसू शकतात."

"नियमानं!" आक्का म्हणाली. "बस चालवताना समोर भिंत आली, तर ती नियमानं आहे का ते बघतोस का रे?"

"विषय काय चाललाय?" साखऱ्यानं अगदी मवाळपणे विचारलं.

लॉन्ड्रीवाला थप्पीमागून म्हणाला, "आपलं ते... गल्लीचं आरोग्य."

"अगदी बरोबर! गर्दनं तर पोरांची वाट लावली आहे," साखऱ्या म्हणाला. "वाईट. फार वाईट. पण सुरुवात कुठून करायची? मला विचाराल तर कचऱ्यापासून. कोपऱ्यावर कचऱ्याचा डबा नाही. घाण असते तिथे वाईट माणसं येतात. आधी डबा मागू. मी स्वतः सही करतो."

"हा एक मुद्दा आहे," भाऊजी म्हणाले. ठराव दिसला की त्यांचा चेहराच बदलायचा. "सूचना आली आहे. अनुमोदन?"

लॉन्ड्रीवाल्याचा हात वर गेला. नुसता सवयीनं. मग त्यानं तो हात डोकं खाजवायला वापरला, पण भाऊजींनी मोजून टाकला होता.

वहिनी बघत राहिली. माणसं चांगली होती, एकेकाला ती वर्षानुवर्षं ओळखत होती. आणि गर्द विकणाऱ्याच्या सांगण्यावरून कचऱ्याचा डबा मंजूर करायला निघाली होती. तिनं चहाचा ट्रे उचलला, एकेकाला कप दिला आणि साखऱ्यापाशी येऊन थांबली. त्यानं हात पुढे केला. वहिनी तशीच पुढे गेली.

या घरात चहा नाकारला गेल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. हिशेबाला आलेल्या माणसालासुद्धा आधी चहा मिळायचा.

साखऱ्याचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यानं तो सावकाश मांडीवर ठेवला आणि हसला.

"असू दे, वहिनी. तुमच्या डोक्याला आधीच काय कमी ताप आहेत? घरोघरी मातीच्या चुली. माझं एवढंच म्हणणं, ज्याचं घर धुतल्या तांदळासारखं आहे, त्यानं पुढे येऊन बोलावं." आणि त्यानं माळ्याकडे बघितलं. फार नाही, पापणी उचलण्याइतपतच. "दादू दिसला नाही हल्ली. बरा आहे ना?"

झाकली मूठ म्हणून वहिनीनं जी आवळून धरली होती, ती भर मीटिंगमध्ये हा माणूस एकेक बोट करून उघडत होता. आज नाही उघडली, तर उद्या परत धमकावेल. आणि नुसतं तिलाच नाही. तिनं बघितलं, तर लॉन्ड्रीवाल्यानं मान खाली घातली होती. कोपऱ्यातली दूधवाली पायाच्या बोटाकडे बघत होती. तेव्हा तिला उमगलं, की हा माणूस स्टुलावर बसलेलाच नाही. तो प्रत्येकाच्या लपवण्यावर बसलाय.

"नाही," ती म्हणाली. "बरा नाही. तो गर्द ओढतो. तुझ्याकडची."

आणि तिच्या बरोबरीनं, त्याच क्षणी, मिस्त्री हातोडी टाकून उठले आणि म्हणाले, "माझा पोरगा तुझं गिऱ्हाईक आहे, साखऱ्या!"

दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली. मग नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं?" वहिनी म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?" मिस्त्री म्हणाले.

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुला धक्का बसेल म्हणून! तुला ब्लडप्रेशर आहे!"

"मला? तुम्हाला आहे! गोळ्या तुम्ही खाता!"

"अगं, पण मग तो ड्रिल? तू म्हणालीस, तुझा भाऊ घेऊन गेला!"

"दादूनं विकला. मी काय सांगणार होते?"

"आणि मी सहा महिने तुझ्या भावाला शिव्या घालतोय! त्याच्या तोंडावर बोललो मी त्याला!"

"तो पण बिचारा गप्प बसला. त्याला वाटलं, आपण खरंच नेला असेल आणि विसरलो." मग तिला काहीतरी आठवलं आणि तिचे डोळे बारीक झाले. "थांबा. माझा कुकर? तुम्ही म्हणालात, रिंग बदलायला दिलाय."

मिस्त्री टाकलेली हातोडी उचलायला वाकले.

"इतके महिने एक रिंग बदलतात? मी रोज त्या दुकानदाराच्या नावानं बोटं मोडते! परवा त्याच्या बायकोनं हाक मारली, तर मी तोंड फिरवून निघून आले!"

"सभेचं काम..." भाऊजींनी सुरुवात केली.

"तू गप्प रे!" दोघं एकदम म्हणाले.

आक्कानं गल्लीतर्फे मिळालेला चहा संपवला आणि कप खाली ठेवला. "झालं का तुमचं? सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तुम्हा दोघांना कळू नये म्हणून आम्हीच किती जपत होतो. परवा तो जिन्यात पडला, तर या धाकट्यानं त्याला खांद्यावर घालून माळ्यावर निजवलं आणि तुम्हाला सांगितलं, की दादूचा पाय मुरगळलाय."

वहिनीनं भाऊजींकडे बघितलं. भाऊजी पंख्याकडे बघत होते.

रडावं की हसावं हे वहिनीला कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. पदरानं तोंड पुसलं, तर वर काढलेलं तोंड हसतच होतं. नवरा, बायको आणि दीर, तिघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि त्या गडबडीत एक बिचारा मेहुणा चोर ठरला होता.

"माझा जावई," लॉन्ड्रीवाला थप्पीमागून हळूच म्हणाला. "तो गावाला गेलेला नाही."

"माझी बहीण," दूधवाली म्हणाली. पुढचं कोणी विचारलंही नाही.

साखऱ्या उठला. त्याचा चेहरा अजून हसरा होता, पण आता ते हसू नुसतं तोंडावर उरलं होतं, भाड्यानं आणल्यासारखं. "मनं मोकळी झाली, छान झालं. येतो मी. स्टूल सवडीनं हं."

"ने तुझं स्टूल," मिस्त्री म्हणाले. "मी घेत नाही."

आयुष्यात गिऱ्हाईक परत पाठवायची त्यांची ही पहिलीच वेळ. तो गेल्यावर ते मटकन बसले, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण पाय न चिकटवलेल्या खुर्चीवर बसलोय. त्यांना उचलायला तिघं लागले.

"आता मोर्चा," भाऊजी उत्साहानं म्हणाले.

"मोर्चा घरी जातो," आक्का म्हणाली. "जेवायची वेळ झाली की जातो. वॉर्डात मी एकच गोष्ट शिकले. बाई अडली की आरडाओरडा करून उपयोग नसतो, शेजारी बसून राहायचं. हलायचं नाही. तू त्या साखऱ्याच्या दारासमोर बसायचं बघ. काही बोलायचं नाही, मारायचं नाही. जो येईल, त्याच्या तोंडाकडे बघायचं. ओळखीच्या माणसासमोर कोणाला पुडी घेववते?"

हे ती चक्क वहिनीकडे बघून बोलली होती. वहिनीच्या ते लक्षात आलं, आणि आपल्या लक्षात आलं हे तिनं दाखवलं नाही.

"बसायचं कशावर?" लॉन्ड्रीवाल्यानं विचारलं.

सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या. दुकानाच्या मध्यभागी, कापड घालून झाकलेला, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातला तिघांना पुरणारा मरून रंगाचा सोफा उभा होता. कालच पुरा झालेला.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "नाही, नाही, नाही. तो उद्या द्यायचाय."

"अहो," वहिनी म्हणाली, "तुम्ही पुढून धरता की मागून?"

थोड्या वेळानं सोफा रस्त्याच्या पलीकडे, साखऱ्याच्या शटरपासून हातभर अंतरावर होता. त्यावर एका टोकाला आक्का, दुसऱ्या टोकाला वहिनी, मध्ये दूधवाली. मधली जागा जाणूनबुजून भरली होती. मिस्त्री सोफ्याभोवती फिरत होते आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होते, "पाय वर घेऊ नका."

पहिलं गिऱ्हाईक आलं, एक दाढीवाला पोरगा. तो वाकला, आणि वाकल्या वाकल्या त्याला आक्का दिसली.

"काय रे, आई बरी आहे का?"

"हो... हो, आक्का."

"गुडघा दुखायचा तिचा?"

"कमी आहे."

"बरं. जा तू, तुझं काम कर. आम्ही काही बोलत नाही."

पोरगा सरळ झाला, शटरकडे बघितलं, सोफ्याकडे बघितलं, आणि आलेल्या रस्त्यानं निघून गेला. दुसरा कोपऱ्यावरूनच परतला. तिसरी एक बाई होती, ती दूधवालीला बघून रडायलाच लागली.

मग दोघं जण मोटरसायकलवर आले आणि सोफ्याभोवती घिरट्या घालायला लागले. गाडी अशी रेस करत होते, की बोलणं ऐकू येईना. धूर नाकातोंडात जात होता. एकाच्या हातात सळई होती. दूधवाली उठायला लागली, तर आक्कानं तिला दंडाला धरून खाली बसवलं आणि आपला रस्त्यातला आवाज काढला.

"ए, पुढचा! तू पायाळू ना रे? सुताराचा?"

गाडी जरा मंद झाली.

"तोच! पाय आधी, डोकं मागून. रात्रभर तुझ्या आईचे हाल केलेस. तेव्हाही उलटाच आलास आणि अजून उलटाच चाललायस! आणि तू रे मागचा, सळई काय दाखवतोस? तुला पहिली चापट मी मारलेय. कुठे, ते सांगू का सगळ्यांना?"

खिडक्यांतून हसू फुटलं. सळईवाल्यानं सळई पाठीमागे धरली. दोघं एक फेरी आणखी मारून, बहुधा फेरी अर्धवट सोडणं बरं दिसत नाही म्हणून, निघून गेले. आक्काचा हात मात्र अजून दूधवालीच्या दंडावर होता. गाडीचा आवाज विरेपर्यंत तिनं तो सोडला नाही, हे वहिनीला दिसलं.

उन्हं उतरायला लागली तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाई सोफा बघायला आल्या, तर त्यांचा सोफा भर रस्त्यात. मिस्त्रींनी हात जोडले आणि तोंडाला येईल ते सांगत सुटले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, शटरकडे बघितलं, मग दूधवालीला म्हणाल्या, "जरा सरका." बसून दोनदा वरखाली झाल्या. "फोम चांगला घातलाय. राहू दे दोन-चार दिवस. माझे पेशंट तसेही बसत नाहीत, पळून जायच्या तयारीनं उभेच असतात."

त्या गेल्या, दूधवाली दूध घालायला गेली, आणि सोफ्यावर दोघीच उरल्या. मध्ये रिकामी जागा. दोघी समोर बघत होत्या.

तेव्हा दुकानाच्या दारातून दादू बाहेर आला.

अंगात स्वेटर, तरी कुडकुडत होता. डोळ्यांतून, नाकातून पाणी. त्यानं रस्ता ओलांडला आणि मध्येच थांबला.

"आई, मला जाऊ दे."

दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांकडे बघणं सोपं होतं. वहिनीला वाटलं, उठावं आणि त्याच्या पाया पडावं, नाहीतर दोन मुस्काटात ठेवून द्याव्यात. तिचे गुडघे उचलले गेलेच होते. आक्का तोंडातल्या तोंडात म्हणाली, "बस. नुसती बस." वहिनी बसली.

"जा," ती म्हणाली. "धरून ठेवत नाही. फक्त आमच्या पुढून जा."

दादू जागचा हलला नाही. शटर हातभर होतं आणि मध्ये आई होती. किती वेळ तो तसाच उभा राहिला. भाऊजींनासुद्धा ठराव सुचेना.

बोलले ते मिस्त्री. त्यांना लेकाशी कामाखेरीज बोलता येत नसे, म्हणून ते कामाचंच बोलले. सोफ्यामागून वाकून त्यांनी फळीवर हात फिरवला आणि म्हणाले, "दादू, मधल्या स्प्रिंगवर भारच नाही. दोन्ही बाजूंना ओझं, मध्ये पोकळ. अशानं माझी फ्रेम तडकेल. तू बस जरा मध्ये."

हे खोटं होतं. मिस्त्रींची फ्रेम हत्ती नाचला तरी तडकली नसती. दादूलाही ते माहीत होतं, लहानपणापासून त्याच फ्रेमांवर उड्या मारून तो मोठा झाला होता. तो बापाकडे बघत राहिला. मग आला आणि दोघींच्या मध्ये बसला.

त्या एका बसण्यानं तो सुटला, असं कोणी समजू नये. पुढे दवाखाना झाला, पळून जाणं झालं, दोनदा तो पुन्हा घसरला. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी तो थरथरत होता, ओकारी आली तेव्हा भाऊजींनी त्याच्यापुढे लॉन्ड्रीवाल्याची बादली धरली आणि लॉन्ड्रीवाला काही बोलला नाही. आक्का त्याचे पाय मांडीवर घेऊन चोळत राहिली. वहिनीच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. कधीतरी त्याचा श्वास संथ झाला. तो झोपला. कितीतरी दिवसांनी, नुसता झोपला. दोघी आता उठू शकत नव्हत्या.

"माझ्या पायाला मुंग्या आल्यात," आक्का कुजबुजली.

"माझ्या पण," वहिनी म्हणाली.

दोघीही हलल्या नाहीत.

दिवे लागले तेव्हा शटरखालून वाकून साखऱ्या बाहेर आला. दुपारपासून एकही माणूस आत गेला नव्हता. शर्टाची इस्त्री मोडली होती. त्यानं सोफ्याकडे बघितलं, खिडक्यांकडे बघितलं, आणि काहीतरी गोड बोलायला तोंड उघडलं. मग ते तसंच मिटून त्यानं शटर ओढायला हात वर केला. ते शटर जुनं, गंजलेलं होतं. खाली येताना सगळी गल्ली उठवायचं.

वहिनीनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती म्हणाली. "झोपलाय."

आणि साखऱ्यानं दोन्ही हातांनी तोलून धरत, वीतवीत करून, आवाज न करता शटर खाली घेतलं.